चाल शेजारणीची, गळा आपला

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की दंड असायचा. त्यामुळे संपादक मंडळाने "मराठी विभागाला एक लेख दे" म्हटल्यावर मला व्हायवाला फुटतो तसा घाम फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या समजा. नाही सापडल्या तर आभार तपासून देणाऱ्या मॅडमचे!

तर विषय आहे एका भांडणाचा. गेल्या वर्षीच्या होस्टेलच्या गणपतीतला.

माझी रूममेट कोट्टयमची. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. पहाटे साडेपाचला उठून केसांना तेल लावता लावता ती काहीतरी गुणगुणते. पहिल्या सेमिस्टरला मी उशी डोक्यावर घेऊन झोपायचे. तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत ती चाल माझ्या डोक्यात इतकी बसली की डिजिटलचं जर्नल उतरवताना मीच ती गुणगुणायला लागले. गणपतीच्या सांस्कृतिक संध्याकाळी आमच्या विंगला गणेशवंदना बसवायची होती. शब्द मी लिहिले (बरे जमले होते, खरंच!) आणि चाल लावली ती हीच. तीन दिवस गॅलरीत प्रॅक्टिस झाली. चौथ्या दिवशी रूममेटचं प्रॅक्टिकल लवकर सुटलं आणि ती दारात येऊन उभी राहिली.

ती एवढंच म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा हे म्हटलं होतं." आणि आत जाऊन दिवा बंद करून झोपली. दुपारी चार वाजता.

दुसरीकडे ही बातमी कमिटीपर्यंत पोचली. तिथून निरोप आला, "चर्चची चाल? मग तर नकोच." म्हणजे एकीला आपली चाल गणपतीपुढे नको आणि दुसऱ्यांना गणपतीपुढे तिची चाल नको. मला दोघींचाही राग आला. मी ठरवलं की पुराव्यानिशी दोघींना गप्प करायचं. सबमिशनला केला नाही एवढा अभ्यास त्यासाठी केला. त्याचं काय झालं ते आता सांगते.

सुरुवात एका शब्दापासून झाली. माझ्या रूममेटच्या गाण्यात सारखं "कुरियेलायसोन" येतं. आमच्या शाळेतल्या प्रार्थनेत सिस्टर "किरिये एलेइसोन" म्हणायला शिकवायच्या. म्हणजे "प्रभू, दया कर". शब्द ग्रीक. कॅथलिक लोकांनी लॅटिन प्रार्थनेत तो तसाच ठेवला आणि केरळच्या सिरियन ख्रिश्चनांनी सिरियाक-मल्याळम प्रार्थनेत तसाच ठेवला. रशियन लोकांनी मात्र त्याचं भाषांतर केलं आणि रुमानियन लोकांनीही. एका शब्दाचं हे, तर चालींचं काय झालं असेल?

थोडी पार्श्वभूमी देते. (बोअर झालात तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, मी काही अटेंडन्स घेत नाहीये.) ऑर्थोडॉक्स म्हणजे एकच चर्च नव्हे. इ. स. ४५१ च्या कॅल्सिडनच्या परिषदेनंतर फूट पडली. एका बाजूला ग्रीक, आणि पुढे त्यांच्याकडून धर्म घेणारे बल्गेरियन, सर्बियन, रशियन वगैरे. दुसऱ्या बाजूला सिरियन, आर्मेनियन, इजिप्तचे कॉप्टिक. आणि आमच्या कोट्टयमच्या बाई या दुसऱ्या घरातल्या. पण दोन्हीकडे गाण्याची एक गोष्ट सारखी सापडते, ती म्हणजे आठ 'मोड'. ग्रीकमध्ये त्याला 'इखोस' म्हणतात आणि आठांच्या संचाला 'ऑक्टोइखोस'. आपला राग असतो साधारण तसा प्रकार. एका आठवड्याला एक इखोस, आठ आठवडे झाले की पुन्हा पहिला. अगदी मेसच्या मेनूसारखं, फक्त इथे आठ आठवडे पदार्थ बदलतो! माझी रूममेट या आठांना 'निरम' म्हणते, म्हणजे रंग. आपला 'राग' शब्दही रंगवण्यावरूनच आला, हे मी तिला सांगितलं तेव्हा आमचा अबोला होता, त्यामुळे तिने नुसती मान हलवली.

ही आठांची पद्धत जेरुसलेम, सिरिया या पट्ट्यात रुजली. परंपरा तिचं श्रेय दमास्कसच्या जॉनला देते. हा आठव्या शतकातला माणूस. जन्म दमास्कसचा, राज्य अरब खलिफांचं, संन्यासी झाला जेरुसलेमजवळच्या मठात, आणि लिहिलं ग्रीकमध्ये. 'आमची शुद्ध चाल' म्हणणाऱ्या कोणत्याही माणसाला या एका चरित्राने खरं तर गप्प बसायला हवं.

मग ही गाणी प्रवासाला निघाली. इ. स. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म घेतला. जुन्या बखरीत गोष्ट आहे की त्याचे दूत कॉन्स्टँटिनोपलला जाऊन आले आणि म्हणाले की तिथल्या चर्चमध्ये आपण स्वर्गात आहोत की पृथ्वीवर ते कळत नव्हतं. धर्माबरोबर गाणं आलं, गाण्याबरोबर ते लिहायच्या खुणा आल्या. या खुणांना रशियन 'ज्नाम्या' म्हणजे चिन्ह म्हणतात, म्हणून गाण्याचं नाव 'ज्नामेनी'. पण त्या खुणा आजच्या नोटेशनसारख्या नव्हत्या. त्या शिक्षकाकडून ऐकलेलं आठवण्यापुरत्या होत्या. तुम्ही मित्राच्या नोट्सची झेरॉक्स काढता ना, लेक्चर बसलं नसेल तर त्यातलं ओ की ठो कळत नाही, तसंच. ग्रीक गुरूंपासून दूर, शेकडो वर्षं, त्याच खुणांचा अर्थ हळूहळू रशियन झाला. आठ हा आकडा टिकला. पण ज्नामेनीमध्ये 'मोड' म्हणजे स्वरांची पट्टी न राहता ठरावीक स्वरवाक्यांचा संच झाला. पाटी जुन्या दुकानाची, माल नवा.

यातली मला सगळ्यात आवडलेली गंमत सांगते. जुन्या स्लाव्हिक भाषेत शब्दांत काही अगदी आखूड स्वर होते. बोलण्यातून ते गळाले. पण गाण्यात त्या प्रत्येक स्वरावर एक खूण होती, एक सूर होता! सूर तर सोडता येत नाही. मग गायक तिथे पूर्ण 'ओ' नाहीतर 'ए' म्हणायला लागले. 'द्नेस' म्हणजे 'आज' हा शब्द गाण्यात 'देनेसे' झाला. बोलताना एक, गाताना दुसरंच. हसू नका. आपण बोलताना 'राम्' म्हणतो आणि आरतीत शेवटचा 'अ' ताणतोच की! आपण बोलण्यात गाळलेला स्वर आपल्याकडेही गाण्याने सांभाळून ठेवलाय. सतराव्या शतकात मॉस्कोत हे सुधारायचं ठरलं, आणि गाण्याची पुस्तकं बोलीच्या उच्चाराप्रमाणे दुरुस्त झाली.

त्याच काळात पॅट्रिआर्क निकोनने प्रार्थनेच्या सगळ्याच पद्धती तेव्हाच्या ग्रीकांप्रमाणे सुधारायला घेतल्या. ज्यांनी ऐकलं नाही ते 'जुन्या श्रद्धेचे' लोक. १६६६-६७ च्या धर्मसभेने त्यांना बहिष्कृत केलं. त्यांचा पुढारी अव्वाकुम याला १६८२ मध्ये जिवंत जाळलं. हा बहिष्कार रशियन चर्चने मागे घेतला तो १९७१ मध्ये! आणि विरोधाभास बघा, ज्नामेनी गाणं आणि त्याच्या खुणा जिवंत वापरात टिकवल्या त्या याच हाकललेल्या लोकांनी.

अधिकृत चर्चमध्ये तोवर युक्रेनमार्गे पाच रेघांचं नोटेशन आणि अनेक आवाजांचं गाणं आलं होतं. 'कीव्हची चाल', 'ग्रीक चाल', 'बल्गेरियन चाल' अशी लेबलं लावलेल्या चाली मॉस्कोत पोचल्या. पुढे राणी कॅथरीनच्या काळात इटालियन संगीतकार दरबारात आले, गालुप्पी, सार्ती वगैरे. युक्रेनमध्ये जन्मलेला बोर्तन्यान्स्की इटलीत शिकून आला आणि १७९६ पासून शाही गायकवृंदाचा प्रमुख झाला. म्हणजे अठराव्या शतकाअखेर 'खास रशियन' चर्चसंगीत हे बरंचसं इटालियन वळणाचं होतं. आता गंमत. १८७८ मध्ये चायकोव्हस्कीने प्रार्थनाविधीला संगीत दिलं, ते छापलं, आणि शाही गायकवृंदाच्या प्रमुखाने परवानगी नाही म्हणून छापील प्रती जप्त करवल्या. प्रकाशक कोर्टात गेला आणि जिंकला. पावित्र्य राखायचा अधिकार कोणाकडे होता? ज्यांचं स्वतःचं घराणं इटलीहून आलेलं, त्यांच्याकडे. आमची कमिटी आठवली मला.

रखमानिनोव्हने १९१५ मध्ये 'रात्रभराची प्रार्थना' रचली. इअरफोन लावून, दिवे घालवून ऐका, असा माझा आग्रह आहे (एंडसेमच्या आदल्या रात्री नको, रडू येतं). त्यात ज्नामेनी चाली आहेत, कीव्हच्या आहेत, 'ग्रीक' आहेत. ही ग्रीक चाल अथेन्सच्या माणसाला आपली म्हणून ओळखू येईल असं मला वाटत नाही. पण ती काढून टाकली तर त्या रचनेतलं काय उरेल?

आता दक्षिणेकडे. इथे आपल्या ब्रँचचा संबंध आहे, म्हणून जरा रेंगाळते.

ग्रीक पद्धतीत एकजण गातो आणि बाकीचे एकच सूर धरून ठेवतात. तानपुऱ्याचं काम गळ्याने. खुणा इथेही अशाच अर्ध्यामुर्ध्या होत्या. एका खुणेमागे अख्खी लांबलचक स्वरावली असायची आणि ती गुरूकडूनच मिळायची. १८१४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये ख्रिसान्थोस, ग्रिगोरिओस आणि खुर्मुझिओस या तिघांनी ही लिपी सुधारली. प्रत्येक सूर लिहायचा असं ठरलं. सा-रे-ग-म सारखी अक्षरं दिली: पा, वू, गा, दी, के, झो, नी. यात ग्रीक मुळाक्षरांतली पहिली सात क्रमाने लपलेली आहेत. ख्रिसान्थोसने सप्तकाचे ६८ भाग केले, १८८१ च्या समितीने ते ७२ केले. पियानोच्या सप्तकात भाग १२. म्हणजे ७२ कप्प्यांचं फडताळ आणि त्यातले १२ च उघडायची परवानगी! सिग्नल्स शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. हे सरळसरळ क्वांटायझेशन आहे आणि त्यात होणारी चूक मागाहून भरून निघत नाही.

ही नवी लिपी वापरून छापलेलं पहिलं पुस्तक निघालं १८२० मध्ये. कुठे? ग्रीसमध्ये नाही, बुखारेस्टमध्ये. तीनच वर्षांनी, १८२३ मध्ये, माकारिये नावाच्या रुमानियन संन्याशाने व्हिएन्नाला तीन पुस्तकं छापली, रुमानियन भाषेत. ग्रीक शब्दांच्या जागी रुमानियन शब्द घातले की आघात भलत्याच ठिकाणी पडतात. मग चाल वाकवावी लागते. पुढे आंतोन पानने हेच काम आणखी नेटाने केलं. पानचा जन्म आजच्या बल्गेरियातल्या स्लिव्हेनचा, हे तुमच्या लक्षात यावं. या सगळ्या खटपटीला रुमानियात 'गाणी रुमानियन करणं' असंच नाव आहे. कोणी त्याला चोरी म्हणत नाही.

सर्बियाची गोष्ट उलटी. १६९० मध्ये तुर्कांच्या भीतीने हजारो सर्ब लोक उत्तरेला, हाब्सबुर्ग राज्यात गेले. कार्लोव्त्सी हे त्यांचं केंद्र बनलं. तिथे ग्रीक शिक्षक आले, पण लिपी रुजली नाही. पोरं ऐकून ऐकून शिकायची. ऐकून शिकताना चाल सर्बियन होत गेली. एकोणिसाव्या शतकात कोर्नेलिये स्तान्कोविचने ती पाच रेघांवर लिहून काढली, चार आवाजांत बांधली आणि १८६२ पासून व्हिएन्नाला छापली. १९०८ मध्ये मोक्रान्यात्सचं आठ मोडचं पुस्तक आलं. नाहीतर कदाचित ते गाणं राहिलंच नसतं. पण कागदावर बसेना ते सगळं गळालं. यात बरोबर कोण? आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमवर बंदी घातली होती ती याच कारणाने, की तिच्या पट्ट्यांच्या मधले सूर तिला येत नाहीत. आणि तीच हार्मोनियम आपल्या प्रत्येक देवळात आहे.

शेजारी म्हणजे फक्त स्वधर्मीय नाहीत, हेही याच शहरात दिसतं. कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधला अठराव्या शतकातला मोठा गायक पेत्रोस याचं नाव तुर्की संगीतातही होतं. ज्या सुमारास त्या तिघा ग्रीकांनी लिपी सुधारली, त्याच सुमारास त्याच शहरात हाम्पार्तसुम या आर्मेनियन चर्चच्या गायकाने स्वतःची लिपी तयार केली. ऑटोमन दरबारी संगीताचा मोठा ठेवा आज उरलाय तो या ख्रिस्ती माणसाच्या लिपीत लिहिला गेला म्हणून.

भांडणं मात्र तिकडेही चालतात. आदेला पेएव्हा या बल्गेरियन बाईंची २००३ ची डॉक्युमेंटरी आहे, 'हे गाणं कोणाचं?' एकच लोकचाल घेऊन त्या तुर्कस्तान, ग्रीस, अल्बेनिया, बोस्निया, सर्बिया, बल्गेरिया फिरतात. प्रत्येकजण म्हणतो आमचंच. बोस्नियात तीच चाल मुसलमानांच्या धार्मिक गाण्याला लावलेली मिळते. ती सर्बियात ऐकवल्यावर जेवणाच्या टेबलावर भडका उडतो. मी ती बघताना हसत होते आणि मध्येच हसू थांबलं, कारण माझ्या शेजारच्या पलंगावर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

आता येते माझ्या 'पुराव्या'वर. शेवटी मी केरळपर्यंत पोचले आणि मला वाटलं, सापडलं! केरळच्या ख्रिश्चनांचा अँटिऑकच्या सिरियन चर्चशी संबंध सुरू झाला १६६५ मध्ये, जेरुसलेमचे बिशप मार ग्रेगोरियोस आले तेव्हापासून. त्याआधी तिथे पूर्व सिरियाक पद्धत होती. म्हणजे माझ्या रूममेटच्या 'आमच्या' चाली तिच्या लोकांकडे आल्या त्या तेव्हापासून, हळूहळू. त्याही सिरियाक भाषेतल्या. त्यावर मल्याळम शब्द बसले ते आणखी खूप नंतर. मी रात्री साडेअकराला, लाइट जायच्या आत, विजयी मुद्रेने तिला हे सगळं सांगितलं. थोडक्यात, "अगं, तुझी चालसुद्धा उसनीच आहे."

ती म्हणाली, "हो. माहितीय. पण आम्ही ती म्हणायला शिकलो. तू ती पाठ केलीस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. पण माझं मत झालंय ते मांडते, पटलं नाही तर मेसमध्ये भेटा. कमिटीचं चुकलं, हे मी आजही म्हणेन. 'त्यांची' चाल म्हणून बाद करायचं ठरवलं तर बाद करणाऱ्याच्या घरात फार थोडं शिल्लक राहील. आपल्याकडेच बघा ना. १६१६ मध्ये गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं. ओवी ही ज्ञानेश्वरांची. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी येशूची भजनं मराठीत रचली, कीर्तनं केली. ओवी तिकडे जाऊ शकते तर एक चाल इकडे का येऊ नये?

पण माझंही चुकलं, आणि ते 'चर्चची चाल घेतली' हे नव्हे. माकारियेने चाल उचलली त्याआधी तो ती वर्षानुवर्षं म्हणत होता. शब्द कुठे वाकतात ते त्याला माहीत होतं. मी न विचारता, अर्थ न कळता, तीन दिवसांत उचलली. बारा पट्ट्यांच्या कीबोर्डवर बसवली. ती चाल लग्नाची की मरणाची हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं! मला तर वाटतं की नुसतं 'संगीताला धर्म नसतो' म्हणणारे (मीही त्यातलीच होते) जरा घाईत असतात. धर्म नसेलही. आजी असते.

गणेशवंदनेचं काय झालं विचाराल, तर कमिटीच्या आग्रहाने आम्ही तीच माझी कडवी एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर म्हटली. त्या मूळ गाण्यात हिरो दारू पिऊन नाचतो. कोणाचीही काहीही हरकत नव्हती. वन्स मोअर मिळाला.

आणि रूममेट? अबोला दिवाळीत सुटला, माझ्या आईच्या चकल्यांमुळे. सध्या ती मला ती चाल शिकवतेय, मल्याळम शब्दांसकट. पहाटे साडेपाचला! तिसऱ्या ओळीत मी दरवेळी सूर वर नेते, ती दरवेळी थांबवते. आजी तिथे वर जात नसे म्हणते. काल मात्र तिने मस्कतला असलेल्या तिच्या मामेबहिणीला फोन लावून खात्री करून घ्यायला गायला लावलं, तर ती बया तिसऱ्या ओळीत माझ्यासारखीच वर गेली. दोघींचं फोनवर मल्याळममध्ये जोरजोरात चालू होतं. मी उशी डोक्यावर घेतली.